रिळांचा मनोरा

वन्सं,

नमस्कार. रागावून नाही, मजेत लिहितेय.

पोर दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना, तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "थांब जरा. हिचा बापही उशिराच बोलला. एवढी उतावळी होऊ नकोस." घरात सगळ्यांनी तुमचीच री ओढली. मी मात्र शिलाई मशीन झाकलं आणि तिला कडेवर घेऊन बालविकास केंद्र गाठलं. तिथल्या बाईंनी तपासलं नि म्हणाल्या, "लवकर आणलंत, बरं केलंत. या वयात मुलं भराभर शिकतात."

त्यांनी एक खेळ शिकवला. पोरीला टेबलाला धरून उभं करायचं, समोर रिळांचा मनोरा रचायचा आणि म्हणायचं, "थांब... थांब... पाड!" घरभर दोऱ्यांचा गुंता! तो सोडवताना माझ्या नाकी नऊ यायचे.

काल सासूबाई टेबल आवरायला आल्या. त्यांनी रीळ उचललं मात्र, पोरीनं हात आडवा घातला नि ठणकावलं, "थांब!"

तिचा पहिला शब्द, वन्सं! सासूबाई डोळे पुसत हसत सुटल्या. आता त्या शेजारीपाजाऱ्यांना सांगत फिरताहेत, "मूल मागे वाटलं तर लगेच दाखवा, वाट बघू नका."

हे पत्र काही मी पोस्टात टाकत नाही. रविवारी तुम्ही येणारच आहात. दारातच तिचा गालगुच्चा घ्यायला हात पुढे कराल, तेव्हा तुमचा सल्ला तीच तुम्हाला परत देईल.

तुमची उतावळी वहिनी