क्रेनच्या पडद्यावरच्या मुंग्या

मामा, तुम्हाले जाऊन इतकी वर्षं झाली की हिंगणघाटच्या तुमच्या टीव्ही रिपेरिंगच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. शाळा सोडून मी तिथंच तुमच्याजवळ बसलो, तिथंच हात चालायले लागला, आणि आता हैदराबादच्या बाहेर एका शेडमध्ये दिवसभर सोल्डरच्या धुरात बसतो. आज लिहायले बसलो त्याचं कारण चांगलं नाही. मले किळस आली आहे. इथल्या शेठची आली, ह्या कामाची आली, आणि थोडी तुमचीही आली. तुम्ही समोर असते तर हे बोललो नसतो.

आम्ही इथं बिनतारी कॅमेऱ्याचे डबे बनवतो. उंच इमारतींच्या क्रेनवर कॅमेरा बसवतात, आणि आमचा डबा त्याचं चित्र हवेतून केबिनमधल्या पडद्यावर पाठवतो. क्रेनवाला वर आभाळात बसलेला, खाली भिंतीआड काय चाललं ते त्याले दिसत नाही. तो पडद्याकडे पाहूनच माल वरखाली करतो. म्हणजे हुकाखाली माणूस आहे की नाही, हे त्याले आमचा डबा सांगतो. आणि हा डबा जिथं बनतो तिथं शेठ गुटखा खाऊन पार्टच्या रिकाम्या डब्यांत थुंकतो. त्याच टेबलावर आम्ही भाकर खातो.

शेडमध्ये डबा लावला की चित्र आरशासारखं. क्रेनवर चढवला आणि मोटर सुरू झाली की पांढऱ्या रेघा, मग जुन्या टीव्हीसारख्या मुंग्याच मुंग्या. क्रेनवाला ओडिशाकडचा, माह्याच वयाचा. तो म्हणाला, "भाई, हुक खाली हो तो सब दिखता है. माल टांगा नहीं कि अंधा हुआ." शेठ म्हणाला, "पावर बढ़ा दे." पावर वाढवली. इकडच्या मुंग्या थोड्या कमी झाल्या आणि शेजारच्या क्रेनचं चित्र फाटायले लागलं. तिथला क्रेनवाला येऊन आईबहीण काढून गेला. मग शेठनं पडद्यातच जुगाड केला. चित्र तुटलं की शेवटचं साफ चित्र तसंच थांबून राहणार. मुंग्या दिसणंच बंद. बिल्डरचा माणूस म्हणाला, वा.

ते थांबलेलं चित्र पाहिलं आणि मले तुमचा बदाम आठवला, मामा.

जाम गावचं लग्न आहे. मांडव रस्त्याच्या अलीकडे, बायांची पंगत पलीकडे, मधून ट्रक चाललेले, तार टाकायची सोय नाही. म्हणून तुम्ही हातानं बनवलेला ट्रान्समीटर लावला आहे आणि पंगतीसमोर पडदा. जनरेटरवर डीजेचा लोड आला की पडद्यावर मुंग्या. तुम्ही शांतपणे बटण दाबता आणि नवरीचं हसतं तोंड बदामाच्या आकाराच्या गुलाबी चौकटीत अडकून बसतं. नवरी केव्हाच कपडे बदलायले गेलेली, मांडवात दोन्हीकडचे चुलते मानपानावरून एकमेकांच्या अंगावर धावलेले, आणि पलीकडे बाया त्या बदामाकडे पाहत बुंदी खाऊन राह्यल्या. शेवटी एक म्हातारी ओरडते, "काऊन रे बाप्पा, नवरी हालूनच नाई राह्यली! पापणी तं हालव माय!" सगळी पंगत हसते. तुम्ही मले कोपर मारून म्हणता, "मुंग्या दाखवाच्या का मंग लोकाईले? इज्जत जाते ना!" मीही हसलो होतो. लग्नात त्यानं कोणी मरत नाही.

इथं एक बाई मरता मरता राहिली. थांबलेल्या चित्रात खाली मोकळी जमीन होती. खरोखरच्या जमिनीवर ती डोक्यावर घमेलं घेऊन चालली होती, आणि क्रेनवाला तिच्यावरच सळयांचा गठ्ठा उतरवत होता. कोणीतरी बोंबललं, ब्रेक लागला. गठ्ठा तिच्या डोक्यावर डोलत राहिला आणि ती घमेलं टाकून मटकन खाली बसली. शेठ जेवत होता. फोनवर सगळं ऐकलं, घास गिळला आणि म्हणाला, "बच गई ना? फिर?"

दुसऱ्या दिवशी मी क्रेनवर चढलो. खिशात तुम्ही दिलेला छोटा रेडिओ होता, ज्याचं झाकण रबरानं बांधलेलं आहे. स्टेशन न लावता तो रेडिओ तारांजवळून फिरवायचा, जिथं जास्त कर्कश ओरडतो तिथून चित्र बिघडवणारी घाण येते, हे तुमचंच. मोटर सुरू केली तर डब्यात येणाऱ्या विजेच्या तारेपाशी रेडिओ केकाटायले लागला. मग ती तार काढून डबा बॅटरीवर लावला. तुम्ही म्हणायचे, "बॅटरीवर साफ, तं चोर तारेतून येऊन राह्यला. बॅटरीवरही घाण, तं चोर घरातलाच." चित्र साफ. मोटर चालू, सळया वर चालल्या आणि चित्र साफ, थांबलेलं नाही, हलणारं! मी डबा उघडला. तार जिथं आत येते तिथं ही घाण अडवणारे पार्ट असतात, कॉइल आणि कपॅसिटर. त्यांच्या जागा छापलेल्या होत्या, नंबरसकट. पार्ट नव्हते. शेठनं ते लावूच दिले नव्हते. त्या रिकाम्या जागांवरून मी बोट फिरवलं. आणि वाटलं, तुम्हालेही जामले बॅटरी लावता आली असती. उपाय हातात असताना तुम्ही बदाम दाबला.

खाली उतरून मी साइटवर आलेल्या शेठले सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगले माल में देखेंगे. अभी फोटो रुकने दे." मी माह्यामागून उतरलेल्या क्रेनवाल्याकडे वळलो आणि सगळ्यांसमोर त्याले सांगून टाकलं की तुले साफ दिसते ते चित्र मेलेलं असते.  तो पायरीवर बसला, बूट काढले आणि म्हणाला, "मैं नहीं चढ़ता." सुपरवायझर ओरडला, बिल्डरचा माणूस आला, काम ठप्प. शेवटी शेठनं तो जुगाड काढला आणि पार्ट आणून दिले. मी ते बसवले, पत्र्याचं झाकण चारही बाजूंनी सोल्डर केलं. रेडिओ गप्प झाला. बाकीच्या डब्यांचं शेठ म्हणतो, पाहू.

चारही बाजू काऊन, ते तुम्हाले माहीत आहे. तुमच्याजवळ असताना एकदा मी झाकणाच्या एकाच कोपऱ्याले सोल्डर लावून डबा दिला होता. आपल्यात मामा भाच्यावर हात उगारत नाही, उलट त्याच्या पाया पडतो. तर तुम्ही भर दुकानात, गिऱ्हाईकांसमोर वाकून माह्या पायाले हात लावला. "घ्या भाचेबुवा, पाया पडतो तुमच्या, असं काम करत नका जाऊ." थोबाडीत मारली असती तर विसरलो असतो.

तेच मी त्या दिवशी शेठसोबत केलं. शेठ सगळ्यांसमोर मले नमकहराम म्हणून राह्यला होता. मी खाली वाकलो आणि त्याच्या पायाले हात लावला. मनात तुमचंच वाक्य म्हटलं. तो एकदम नरमला, खूश झाला. त्यानं माह्या डोक्यावर हात ठेवला. "बस बस, जीता रह. गलती सबसे होती है." सगळ्यांले वाटलं, पोरगा माफी मागून राह्यला. इतक्या दूर तुमची शिवी कोणाले कळणार?

हा कागद सोल्डरच्या खोक्यात तळाशी ठेवतो. एकच राहिलं. तुम्ही मले कधी पाया पडू दिलं नाही, म्हणून तुमचा हात माह्या डोक्यावर कधी आला नाही. त्याचा हात गुटख्यानं चिकट होता, मामा. तरी तो डोक्यावर होता तेवढा वेळ मले बरं वाटलं.