चौकोनी ठिपके आणि एक गोल

३ जून, सोमवार
आमच्या कंपनीच्या नव्या सोनोग्राफी मशीनच्या पडद्यावर पांढरे चौकोनी ठिपके उमटतायत. मेमरी बिघडतेय. प्रोसेसरने ठेवलेलं चित्र ग्राफिक्स कार्ड उचलून पडद्यावर दाखवतं. मध्येच कुणीतरी ते चिवडतंय. कार्डच बदमाश. पाहताक्षणी ओळखलं. साहेबांना म्हटलं, शुक्रवारपर्यंत निकाल लावतो.
संकल्प: चिडायचं नाही.

४ जून, मंगळवार
चाचणीला पोट लागतं. आमच्याकडे पद्धत अशी की ज्याचं काम, त्याने घरचं माणूस आणून झोपवायचं. बाबांना नेलं. बिचारे हौसेने नवा शर्ट घालून आले, तो लगेच काढावा लागला. चौकोन आलेच. शिवाय यकृतावर एक काळा डाग. टेस्टिंगच्या बाई (स्वतःच्या सावलीवरही संशय घेतात) म्हणाल्या की हा गोल आहे, डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, बिघडलेली मेमरी कसाही आकार घेते. आमच्या मशीनवर आमचाच भरवसा नाही आणि म्हणे डॉक्टर! हसू आलं.

६ जून, गुरुवार
कार्ड बदललं. चौकोन कायम. म्हणजे दोष मेमरीच्या पट्टीत. तरी मला वाटतच होतं.
बायको म्हणते, बाबांचं जेवण फार कमी झालंय. तिने परस्पर डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली. तिला तांत्रिक बाजू समजावली. मध्येच उठून ती भांडी घासायला लागली. उद्या बाबा मला चाचणीला हवेत, म्हणून फोन करून वेळ रद्द केली.

७ जून, शुक्रवार
पट्टी बदलली. चौकोन कायम. प्रोसेसर तापत असणार. टेबलफॅन लावला. चौकोन आज भलतीकडेच. डाग मात्र त्याच जागी. योगायोग. साहेबांना पुढचा गुरुवार सांगितला.
संकल्प: झोप पुरी घ्यायची.

११ जून, मंगळवार
बाबांनी कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली. म्हणाले, चामडं ताणलं जातं रे. बरोबरच आहे. चामडं ताणतंच.

१२ जून, बुधवार, दुपारी ४
बाईंनी माझाच कोड माझ्यासमोर उघडला. कार्डाचं वाचून होईपर्यंत प्रोसेसरने थांबायचं, अशी एक ओळ तिथे होती. ती मी मार्चमध्ये काढली. मशीन भलतंच झपाट्याने चालायला लागलं, मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. तेव्हापासून कार्ड जुनं चित्र वाचत असताना प्रोसेसर त्याच जागी नवं लिहून मोकळा होतोय. आता असल्या ओळीवर 'काढू नये' असं लिहायला नको का? लिहिलं होतं, असं बाई म्हणाल्या.

१३ जून, गुरुवार
ओळ परत टाकली. बाबांना झोपवलं. मला भीती वाटत होती, आणि ती साहेबांची नव्हती.
चित्र लख्ख. एकही चौकोन नाही. डाग होता. जागच्या जागी, गोल, आता कडासुद्धा स्पष्ट.
बाबांनी मान वळवून विचारलं की सापडला का दोष. हो म्हटलं. ते खूश झाले, म्हणाले, मला ठाऊकच होतं. त्यांच्या शर्टाची बटणं मी लावली. एक चुकलं, पुन्हा पहिल्यापासून लावली.
मग डॉक्टरांकडे फोन केला. आधीची वेळ का रद्द केली, असं तिकडून विचारलं. लवकरातली लवकर वेळ मागितली. आता एकवीस तारखेपर्यंत थांबा म्हणाले.