पायाने ढकलू नये

प्रिय गौरवी,

फोन उचलत नाहीस, ते बरंच आहे. फोनवर मी नुसती भांडले असते. यंत्राच्या सूचना लिहिताना काय काय सांभाळायचं, असं तू जानेवारीत विचारलं होतंस. मी उत्तर न देता तुझ्या कागदावर लाल पेन फिरवलं. उत्तर आज देते.

डिचोलीच्या खाणीवर मी नोकरीभर हेच केलं. लोडर कसा चालवायचा, पट्टा कसा थांबवायचा, ते कामगारांसाठी लिहायचं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांचं इंग्रजी तिथे कामाला आलं नाही, शिस्त तेवढी आली. एका वाक्यात एकच काम. 'योग्य प्रमाणात तेल घाला' असं लिहिणाऱ्याला एकदा स्वतः घालायला लावावं. किती घालायचं ते लिही, कुठल्या मापाने तेही लिही. झाकण उघडायला सांगण्याआधी वीज बंद करायला सांग, कारण माणूस वाचता वाचताच हात घालतो. एसीत बसून लिहू नकोस, यंत्रासमोर उभी राहा. लिहिलेलं इंजिनियरला दाखवून खूश होऊ नकोस, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. जो ते चालवणार त्याच्या हातात दे आणि तोंड मिटून बघ. तोंड मिटणं मला कधी जमलं नाही. तुला जमेल.

शेवटी मी नव्या पोरांना नेहमी एक टाळीचं वाक्य ऐकवायची: वाचणाऱ्याला मूर्ख समजू नका. त्या वाक्याचाच आता राग येतो.

आमच्या शेजारचा सगुण आठवतो ना? पेडण्याला आलीस की त्याच्या भाटात, त्या काजूच्या बागेत, काजू वेचायचीस. यंदा त्याने तुमच्या कंपनीचं रस काढायचं यंत्र घेतलं. एप्रिलात यंत्राच्या तोंडात काजूची फळं, बोंडू, अडकले, ते त्याने पायाने आत ढकलले. पायाची दोन बोटं गेली. गाव म्हणतं प्यालेला होता. काजूच्या दारूची, हुर्राकाची भट्टी लावणारा म्हणजे सकाळपासून प्यालेलाच, असा ह्या लोकांचा हिशेब. थेंब घेतला नव्हता त्याने. तुमची कंपनी म्हणते, सूचना वाचल्या नाहीत. हॉस्पिटलच्या खाटेवरून त्याने मला तुझं अख्खं पत्रक पाठ म्हणून दाखवलं. पायाबद्दल त्यात काही नव्हतंच. मग पाय घातलास कशाला, असं मी विचारलं, तर हसून म्हणाला, "बाये, जलमभर कोळमीत पायानीच मळलंय. मशीन इली म्हणान पायाक कसा कळतला?"

तुझ्या कागदावर ते होतं, गौरवी. सगळ्यात वर होतं: 'बोंडू पायाने ढकलू नये.' मी ते खोडलं आणि बाजूला लिहिलं, यंत्रात पाय कोण घालतं, माणसांसाठी लिहितेस की म्हशींसाठी? दर उन्हाळ्यात मी कुंपणावरून सगुणला कातळात खोदलेल्या कोळमीत उभा राहून बोंडू तुडवताना बघते. तोच ताजा रस, नीरो, मागून पिते. तरी खोडलं, कारण छापील कागदावर ते वाक्य मला गावठी दिसलं. सूचना मूर्खांसाठी नसते, सवयीच्या माणसासाठी असते, एवढं साधं मला कळू नये? आणि तुला लहानपणी बघितलेले त्याचे पाय आठवावे?

तुझ्या आईने परवा सांगितलं की साहेबांनी विचारलं तेव्हा 'माझ्याकडून राहिलं' म्हणालीस, माझं नाव घेतलं नाहीस आणि राजीनामा देऊन आलीस. त्यापेक्षा मला शिव्या घातल्या असत्यास तर चाललं असतं. काल बसने साखळीला गेले. तुझ्या साहेबांना सांगितलं, ते वाक्य मी काढायला लावलं. ते म्हणाले, बाई, घरातलं घरात मिटवा, आणि चहा मागवला. मी घेतला नाही. लिहून सही करून दिलं. परतताना सगुणकडे जाऊन त्यालाही सांगितलं. ह्या वेळी तो हसला नाही. राजीनामा त्यांनी अजून मंजूर केलेला नाही, तो मागे घे. ते वाक्य परत घाल, तुझ्याच शब्दांत, सगळ्यात वर. आणि ह्या खेपेला मला दाखवू नकोस.

तुझीच,
यशोदामावशी