गरम चोथा

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज, रविवारी भर दुपारी, मी तुला लिहायला बसले आहे. बसले म्हणते खरी, पण दोन ओळी झाल्या की उठते, खिडकीपाशी जाते, परत येते. गंगाखेडच्या वसतिगृहात तू पोतंभर बटाटे सोलायचीस आणि सालं म्हशींना जायची. आता त्याच सालांवर माझं पोट आहे. परभणीजवळच्या वेफर्सच्या कारखान्यात उरलेली सालं आम्ही धुतो, शिजवतो, तो चोथा निववतो आणि मग त्यात एन्झाइम घालतो. ते उरलासुरला स्टार्च विरघळवतं, मागे राहतात तंतू. वाळवून, दळून कणकेत मिसळले की पोटाला बरे. तू हसली असतीस, "म्हशीचं खाणं माणसाला घालायलीस व्हय गं?"

अजून डोळ्यांसमोर येतं: मी आठवीत आहे. तू दूध तापवून ठेवलंयस, विरजण लावायला मला सांगितलंयस. मला खेळायला जायचंय, म्हणून वाफाळत्या दुधातच मी विरजण टाकते. सकाळी दही लागलेलं नसतं. "बोट बुडवून बघितलं व्हतंस का?" तू विचारतेस. बघितलं होतं, विरजणच खराब होतं, असं मी ठोकून देते. तू वाटी घेऊन शेजारी नवं विरजण मागायला जातेस. त्यापेक्षा दोन धपाटे घातले असतेस तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात मोठी चाचणी होती. खरेदीदार येणार म्हणून घाई, आणि चोथा निवायच्या आधीच मी एन्झाइम ओतलं. इतक्या उष्णतेत ते मरतं, हे मीच सगळ्यांना शिकवते! स्टार्च तसाच राहिला, सगळा माल वाया गेला. मालकांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "सालं नीट धुतली नसतील."

सालं धुणारी मावशी समोरच उभी होती. "मॅडम, तीन पाण्यानं धुतलेत मी. तुमीच बघितलं न्हाई का?" मी तापमानाच्या वहीत डोकं खुपसून बसले. त्या वहीत बरोबर आकडा मी मागाहून भरला होता. मावशीला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलंय. घरात कमावणारी ती एकटीच. माझी मलाच लाज वाटते, माय.

तिचं घर स्टँडच्या मागे, चालत दहा मिनिटांवर आहे. सकाळपासून तीनदा चपला घातल्या आणि काढल्या. तुला लिहिणं सोपं आहे, कारण तू आता कुणाला काही सांगणार नाहीस.