दुपारची गाडी

अप्पा, नांदेडच्या माझ्या अंगणात सध्या एक जुनी गाडी उभी आहे. दोन सायलेन्सरची, एकाच दांडीनं किक आणि गिअर दोन्ही करायची, अगदी तुमच्या गाडीसारखी. पण तुमची नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मलासुद्धा त्याची खात्री करून घ्यावी लागली. लोह्याकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ती कडब्याखाली पडून होती. त्याच्या थोरल्या मुलानं टेम्पोत घालून आणली आणि म्हणाला, "ताई, चालू करा, अन् जरा नव्या फॅशनची बी करा. हँडल वर घ्या, काळा रंग मारा." माझा हा उद्योग तुम्हाला ठाऊक नाही. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात घरी जुन्या गाड्या उघडून बसते. सुरुवातीला लोक हसले, आता लांबलांबून गाड्या घेऊन येतात. माझे हे भोकरला नोकरीला असतात, रविवारी येतात. एरवी घरात मी आणि आई, दोघीच.

लातूरचं आपलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. डाळमिलमधली फिटरची ड्युटी संपवून तुम्ही घरी यायचात आणि अंगणात धूळ उडते म्हणून कार्बोरेटर थेट चुलीजवळच्या फरशीवर, आईच्या परातीत उघडायचात. आई तुमच्याकडे पाठ करून भाकरी थापते आहे आणि म्हणते आहे, "भाकरीला रॉकेलचा वास मारला तर मला बोलायचं न्हाई." तुम्ही हसता. मी घाईघाईनं प्लग आवळायला जाते आणि तुम्ही माझं मनगट धरता. "आधी आयक. गाडी सांगून राहिली अन् तू मधीच बोलून राहिली." दहावी झाले तेव्हा तुम्ही मला एक छोटा पाना दिला होतात, धुऊन-पुसून, त्यावर विभूतीची बोटं ओढून. गाडी चालवायला मात्र शिकवलं नाहीत. ते मी नंतर दुसऱ्याच्या गाडीवर शिकले. मग त्या उन्हाळ्यात मिलमध्येच तुमच्या छातीत कळ आली, आणि महिना व्हायच्या आत आईनं तुमची गाडी रेणापूरच्या एका माणसाला देऊन टाकली. तो न्यायला आला तेव्हा ती बाहेरसुद्धा आली नाही. मी रडले, भांडले. "डोळ्यांसमोर नको," एवढंच ती म्हणाली.

आईला आता बरीच वर्षं ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणलं आहे, ते डबीत पडून असतं. तिच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ नीट हलवून बोलावं लागतं. या गाडीचा पिस्टन गंजून चिकटला होता. तो डिझेलमध्ये भिजवून सोडवला, वायरी नव्या टाकल्या, आणि बऱ्याच दिवसांनी एका सुट्टीच्या दुपारी ती चालू झाली. निळा धूर, आणि तो आवाज. तुम्हाला सांगायला नको तो कसा असतो. आनंदानं मी आत धावले, तर आई गॅसपाशी उभी होती. चहा उकळत होता. ओट्यावर तिघांचे कप मांडलेले. मागे न वळता ती म्हणाली, "आले का? मोरीत साबण ठेव, हात काळे असतील त्यांचे."

मी मनाची समजूत घातली. फरशी हादरली असेल, पायाला जाणवलं असेल, जुनं काही आठवलं असेल. पण पुढच्याच आठवड्यात कॉलेजातून आले, अंगणात बॅग ठेवताना हात सायलेन्सरला लागला आणि चटका बसला. सायलेन्सर चांगलाच तापलेला होता. फाटकाला आतून कडी होती, मीच वरून हात घालून काढलेली; आई कॉटवर पडलेली. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "तुमची गाडी चालू व्हती की दुपारी. मला वाटलं, जावईबापू आले." असं पुन्हा घडलं, आणि मग परत एकदा. टाकीतलं पेट्रोल उतरत होतं. तेव्हा मी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवी झाले. तुमच्या टाकीला खालून तुम्ही पितळेचं ठिगळ मारलं होतं, चिंचोक्याएवढं. ते मला बोटांनी ओळखता आलं असतं. इथे तसं काही नव्हतं, पत्रा साफ होता. आधी हायसं वाटलं. मग तिथेच, फरशीवर पडल्या पडल्या, अंगावर काटा आला. गाडी तुमची नाही, तर मग येतं कोण?

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि काकूंच्या अंगणात, भिंतीच्या अलीकडे उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आई बाहेर आली. पदर कमरेला खोचला. कार्बोरेटरवरचं बारीक बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबलं, गाडी कमरेनं हलवून घेतली आणि किकवर उभी राहिली. दुसऱ्या किकला गाडी चालू. मग एक हात टाकीवर ठेवून ती मागच्या सीटकडे वळली आणि बोलायला लागली. मध्येच थांबायची, मान तिरकी करून ऐकायची, परत बोलायची. अप्पा, समोर ताट पडलं तरी जिला कळत नाही, ती माझी आई रिकाम्या सीटचं ऐकत होती, आणि पदर तोंडाला लावून हसत होती.

मी आत जाऊन गाडी बंद केली. तिची नडगी काळीनिळी झाली होती. तिच्यासमोर बसून मी विचारलं, "हे काय आई?"

"किक उलटी बसली. सवय मोडली आता."

"सवय? तुला कुणी शिकवलं?"

"तुझ्या अप्पांनी. पहाटं निघायचो, रेणापूरच्या रस्त्याला. तू झोपलेली ऱ्हायची. मी म्होरं, ते मागं."

मी विचारलं, "मग विकली कशाला?"

तिनं नडगीवरून हात फिरवला. "ते गेल्यावर एकदा एकटीनंच काढली व्हती. मागं वजन तसंच लागलं. वळणावर ते कलायचे तसंच कललं. लई भ्याले मी. तिथंच परत फिरले, अन् देऊन टाकली."

"आता भीती नाही वाटत?"

"आता काय भ्यायचं? आता मी त्यांच्याहून मोठी हाय."

"पण आई, ही अप्पांची गाडी नाहीये गं. मी बघितलंय."

"मला म्हाईत न्हाई का?" ती चिडली. "गाडी त्यांची न्हाई. माणूस तेच हाय."

डॉक्टरांना दाखवावं, यांना सांगावं, मालकाला फोन करून गाडी घेऊन जा म्हणावं, सगळं मनात आलं. त्यातलं काहीच केलं नाही. एक चक्कर मारून आण, म्हणून ती लहान मुलासारखी मागे लागली, आणि एका दुपारी आम्ही निघालो. वसाहत संपते तिथून सोयाबीनच्या रानांतून एक रस्ता जातो, त्याला दिवसासुद्धा फारसं कुणी नसतं. तिथे मी उतरले आणि तिला पुढे बसवलं. मी मागे, दोन्ही पाय खाली टेकवायच्या तयारीत. तिनं क्लच असा सोडला, की मला जाणवलासुद्धा नाही. पाठ ताठ, पांढरी वेणी वाऱ्यावर. भीती विसरून मी हसायला लागले होते. तेवढ्यात मागे न बघता ती म्हणाली, "मागं सरक जरा. त्यांना बसू दे."

मी सरकले, अप्पा. कसलाही विचार न करता, लहानपणी सरकायचे तशी, सीटच्या पार टोकाला. आणि खालची स्प्रिंग दबली. इंजिनाचा आवाज जड झाला, चढावर वजन घेतल्यावर होतो तसा, पण रस्ता सपाट होता. आईनं एक गिअर खाली घेतला. वळण आलं, तिच्यामाझ्यामधली ती वीतभर जागा आधी कलली आणि मग आम्ही दोघी कललो. घरी आल्यावर मी प्लग काढून पाहिला, टायमिंग तपासलं, स्प्रिंगा उतरवून पाहिल्या. कशातही दोष नाही.

आता दर आठवड्याला आम्ही जातो. आई जेवते, झोपते, नडगी बरी झाली आहे. गाडी कधीच तयार आहे. काळा रंग मारलेला नाही, हँडलही वर घेतलेलं नाही. लोह्याहून फोन येतो तेव्हा मी सांगते, "पार्टच मिळून नाही राहिला." किती दिवस चालेल कोण जाणे. हा कागद कुठे पाठवायचा नाही, आईलाही वाचून दाखवायचा नाही. पण एक गोष्ट तुमच्याजवळ बोलायची राहिली आहे. आईची तब्येत बरी नसली, की ती मला म्हणते, आज तू एकटीच जाऊन ये. मी किल्ली घेते, फाटकापर्यंत गाडी ढकलत नेते आणि परत आणून लावते. एकटीनं ती रस्त्यावर काढणं माझ्यानं अजून झालेलं नाही. मागं काहीच वजन लागलं नाही तर मी काय करू, ते मला कळत नाही.