सही माझी, रक्त कुणाचं

५ फेब्रु. २००७, सोम.
खर्डीकडच्या पाड्यावरची जानकी सासूला घेऊन परत लॅबमध्ये. सातवा महिना. दवाखान्यातल्या सिस्टरनी डोळ्याची पापणी ओढून बघितली, तर पांढरीफटक. आणि माझ्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन साडेअकरा! परत रक्त काढलं. सव्वापाच. सासू म्हणाली, "बाय, तूच तं बोललीस ना, रगत चांगलं हाय?" जीप करून दोघींना ठाण्याच्या सिव्हिलला पाठवलं. डबा तसाच परत नेला.

६ फेब्रु., मंगळ
मिलिंदभावजी रजा टाकून आसनगावहून आले. लॅबचं सॉफ्टवेअर त्यांनीच नेटवरून उतरवून दिलेलं. "फुकट मिळतंय वहिनी, विकतचं कशाला?" मलाही पटलंच होतं. दुपारपर्यंत खटपट केल्यावर उलगडलं. फुकटात पाचशेच पेशंट, मग नंबर पुन्हा एकपासून. नाव नवं घेतं, पण आकडे छापतं त्या नंबरच्या जुन्या माणसाचे. मी भरलेले ठेवतच नाही. बनवणाऱ्याला मेल केली, ती परत आली. पत्ताच बंद. भावजींना काय बोलू?

७ फेब्रु.
पाचशेच्या पुढचे एकतीस जण. सगळ्यांना चुकीचे रिपोर्ट. हाताने लिहायची वही दिवाळीतच बंद केली, दोनदा कोण लिहिणार म्हणून. खरे आकडे कुठेच नाहीत. एकतीस वेळा सही केली आणि एकदाही वर नजर टाकली नाही.
दवाखान्यातल्या डॉक्टरमॅडमना जाऊन सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं. एवढंच म्हणाल्या, "आधी गरोदर बायका शोध."

१० फेब्रु., शनि
सव्वीस झाले. घरोघर जाऊन रक्त घेतेय. काही जण पहिल्या खेपेला दारातूनच परत पाठवतात, बरोबर आहे त्यांचं. एका म्हाताऱ्याची साखर तीनशेवर, महिनाभर गोड खात होता बिचारा.
जानकीला रक्त चढवलं. सासूचा बूथवरून फोन, "पोर पोटात फिरतंय." बरं वाटायला हवं. नुसते पाय दुखतायत.

१३ फेब्रु.
तिघं बाहेरगावी, फोनवर सांगितलं. एक जण लॅबवर येऊन रक्त देऊन गेला. उरली एकच, मुरबाडकडची हिरा. पाचवा महिना. आठ तारखेला वाडीवर गेले तेव्हा घराला कडी, आजही तीच. शेजारीण म्हणाली, "ती नाय गो हितं. नवऱ्यासंगं वीटभट्टीवर गेली, भिवंडीच्या अंगाला." कुठली भट्टी, तिला ठाऊक नाही. तिचा खरा आकडा काय होता, मला ठाऊक नाही. चांगलाही असेल.

१५ फेब्रु., गुरु
वाडीतल्या एकाकडून भट्टीच्या मुकादमाचा नंबर मिळाला. चौथ्यांदा लागला. मागे ट्रकचा आवाज.
"हिरा? बाई, आमच्याकडं तीन हिरा हायत. तिघी पोटुशी. कुठली पायजे?"
आडनाव सांगितलं. त्याला आडनावं माहीत नाहीत.
म्हटलं, तिघींना थांबवून ठेवा. सकाळच्या एसटीने निघते.
"कामावरून थांबवायला जमायचं नाय," म्हणाला.

तिघींसाठी दोन-दोन, सहा सुया घेतल्यात.