इंजिनाची आंघोळ

आई, परवा अंगणात गाडीचं बॉनेट उघडून उभी राहिले आणि तुझी फार आठवण आली. तुझी जुनी पांढरी गाडी केव्हाच मोडीत गेली, ही दुसरी; पण सोलापूरची धूळ तीच, इंजिनावर बोटानं नाव लिहावं इतकी. दुसऱ्या दिवशी अकलूजहून लेकीला माहेरी आणायचं होतं. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे तिचं बाळंतपण सासरीच झालं, त्यामुळे बाळ आमच्या घरी पहिल्यांदाच येणार होतं. यांना भलताच हुरूप. शेजाऱ्यांकडून जोराचा फवारा मारायचं मशीन मागून आणलं आणि दहा मिनिटांत सगळं चकाचक करतो म्हणाले. मी ते मशीन गुपचूप व्हरांड्यात नेऊन ठेवलं.

नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तू गाडी शिकलीस, तेव्हा गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. सुरुवातीलाच तू आपलं फाटक पाडलंस आणि ते दुरुस्त व्हायच्या आत बाबांना विजापूरला नेऊन आणलंस. बाबा वाटभर डोळे मिटून बसले होते, हे तूच हसत सांगितलंस. त्याच संध्याकाळी बाबांनी, तुला खूश करावं म्हणून असेल, नुकत्याच थांबलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि पाण्याची बादली उचलली. मी त्यांच्या शेजारीच उभी आहे, आणि तू स्वयंपाकघरातून हातातल्या पिठासकट धावत येतेस. आवाज चढवत नाहीस, नुसती मधे उभी राहतेस. "अंगात ताप असताना गार पाण्यानं आंघोळ घालता का कुणाला? निवू द्या की आधी." बाबांनी बादली तुळशीला ओतली. सकाळी इंजिन गार पडल्यावर तू बॅटरीची वायर सोडवलीस, फ्यूजच्या डब्याला आणि हवा आत जाते त्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशव्या घालून रबरबँड लावलेस, अगदी ड्रेसिंग केल्यासारखे. मग रंगाचा जुना ब्रश, वाटीभर साबणाचं पाणी आणि तुझ्या सुती साडीचे तुकडे. ओतायचं नाही, पुसायचं, असं मला बजावलंस. पुसून झाल्यावर बॉनेट उघडंच ठेवून आपण दोघी पायरीवर बसून चहा प्यालो. वाऱ्यानं सगळं वाळू दे म्हणालीस. कोपऱ्याकोपऱ्यातलं वाळल्याशिवाय तू बॅटरी जोडू दिली नाहीस.

परवाही मी तसंच केलं. हे आधी कंटाळले, मग हळूहळू फडकं पिळून द्यायला लागले. बॅटरीच्या मागं ब्रश घातला तर काहीतरी मऊ लागलं. उंदरानं घर केलं होतं. बॉनेटखालचा कापूस, गोणपाटाचे धागे, शेंगांची टरफलं, सगळा संसार मांडलेला. उंदीर नव्हता, पण त्याच्या घराखालची एक वायर कुरतडून आतली तांब्याची तार उघडी पडली होती. यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मशीनचा फवारा थेट तिथंच बसला असता, ते त्यांना कळलं होतं. गॅरेजवाल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी वायर बदलून दिली आणि म्हणाले, "बघितलं ते बरं झालं मॅडम. रस्त्यात कुटंबी बंद पडली असती गाडी, आग लागायलाबी येळ लागत न्हाय." लेक मागच्या सीटवर बाळाला घेऊन बसलेली माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी पायरीवर टेकले. यांनी न विचारता पाणी आणून दिलं, आणि मशीन लगेच परत करून आले.

काल आणलं दोघांना. येताना मीच चालवली. हे मागं लेकीशेजारी बसून बाळाकडे टक लावून बघत होते. बाळ सगळी वाट झोपलं आणि आमच्या फाटकाशी आल्यावर असं रडलं की समोरच्या मावशी धावत आल्या. आता आत पाळणा हलतोय आणि मी बाहेर बसून तुला लिहितेय, कुठल्याच पत्त्यावर टाकता येणार नाही हे ठाऊक असून. एक सांगते, हसू नकोस. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणते, बाळाचं नाक अगदी पणजीवर, म्हणजे तुझ्यावर गेलंय. मला अजून तसं काही दिसलेलं नाही. पण मी सगळ्यांना हो म्हणते.